सुईची विद्या आणि तिचा आनंद

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीच्या इतिहासाविषयी एखादा लेख असावा, असा प्रघात आहे. आपल्या शिंपी समाजातही तो पाळला जातो. अशा लेखांत बहुधा संतशिरोमणी श्रीनामदेवमहाराजांचे चरित्र, समाजातील पोटशाखा, कुळे व कुळदैवते, ठिकठिकाणची मंदिरे आणि विद्यार्थ्यांस साहाय्य करणाऱ्या दानशूर गृहस्थांची नावे येतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या एका चिमुकल्या वस्तूच्या आधारे आपल्या कित्येक पिढ्या जगल्या, त्या सुईचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती उणीव अंशतः तरी भरून निघावी, ह्या हेतूने प्रस्तुत लेख आम्ही समाजबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभीच विषयाची मर्यादा सांगणे बरे. कपडे शिवण्याच्या धंद्याचा हा इतिहास नाही. सुई आपल्या घरांत दोन ठिकाणी चालत आली. एक दुकानात आणि दुसरी माजघरात. दुकानातली सुई गिऱ्हाइकाच्या मापाने, गिऱ्हाइकाच्या सांगण्याने आणि मजुरीसाठी चालते. तिचा मान मोठा आहे, कारण तिने आपणां सर्वांस अन्न घातले. माजघरातल्या सुईची रीत निराळी. चोळी शिवून झाली, अंग झाकले गेले, गरज संपली; तरीही त्या चोळीच्या बाहीवर कोणीतरी दोन मोर काढतेच. ते मोर कोणी सांगितले होते? त्यांची मजुरी कोणी दिली? कोणीही नाही. गरज संपल्यानंतर जो टाका पडतो, तो आनंदाचा टाका होय, असे आमचे मत आहे. आणि ह्याच टाक्याचा मागोवा आम्हांस येथे घ्यावयाचा आहे.

प्राचीन काळ

आपल्या देशात सुईचे नाव फार जुन्या वाङ्मयात आढळते. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका नावाच्या देवतेची प्रार्थना आहे. तीत त्या देवतेने न तुटणाऱ्या सुईने आपले काम शिवावे, अशी विनवणी ऋषीने केली आहे. देवतेच्या हाती सुई देण्याची ही कल्पना आपल्या समाजास अभिमानास्पद वाटावी अशीच आहे. वेदात ‘पेशस्’ असा एक शब्द येतो. नक्षीने सजविलेले वस्त्र असा त्याचा अर्थ विद्वान करतात. आणि वाजसनेयी संहितेत निरनिराळ्या धंद्यांची जी लांबलचक यादी आहे, तीत असे काम करणाऱ्या स्त्रीचाही, पेशस्करीचा, उल्लेख आहे.

ग्रंथांपेक्षाही बोलका पुरावा जमिनीखाली सापडतो. मोहेंजोदडो येथील उत्खननात दाढी राखलेल्या पुरुषाची एक लहान दगडी मूर्ती मिळाली. तिच्या डाव्या खांद्यावरून घेतलेल्या शालीवर तीन पाकळ्यांची नक्षी सर्वत्र कोरलेली आहे. ती नक्षी मूळ वस्त्रावर सुईने काढलेली असावी की छापलेली, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कसेही असले, तरी कोऱ्या वस्त्रावर फूल उठवावे ही इच्छा चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसासही होती, एवढे निश्चित. आपल्या महाराष्ट्रात नेवासे येथे डॉ. हसमुख सांकळिया ह्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात उत्खनन केले. तेथे मिळालेल्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते, आणि तपासणीत त्यांत कापूस व रेशीम ह्यांचे तंतू आढळले. ती वसाहत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात दोरा वळून तो ओवणारे हात इतके प्राचीन आहेत.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, ह्या नगरांचा उल्लेख येतो. तगरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल ही गाड्यांत भरून बिकट वाटेने भडोचच्या बंदरास जात असत, असे तो लिहितो. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘सूचीवानकर्म’ ही एक स्वतंत्र कला आहे. गायन, वादन, चित्रकला ह्यांच्याच पंक्तीला शिवण आणि विणकाम बसविलेले आहे, ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी.

शब्दांची साक्ष

मध्ययुगाचा विचार करताना काही शब्दांकडे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. ‘दर्जी’ हा शब्द फारसी ‘दर्ज’, म्हणजे शिवण, ह्यावरून आला. ‘जरदोजी’ म्हणजे सोन्याच्या तारेचे शिवणकाम. आपल्या बायका ज्याला ‘कशिदा’ म्हणतात, तो शब्द ओढणे अथवा रेखणे ह्या अर्थाच्या फारसी धातूपासून झाला. दोरा ओढून काढलेले चित्र तो कशिदा. ‘भरतकाम’ हा शब्द मात्र घरचा. रेघेत दोरा भरावयाचा, म्हणून भरतकाम. आणि ‘शिंपी’ ह्या शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार संस्कृत ‘शिल्पी’ ह्या शब्दात दाखवितात. देऊळ घडविणारा आणि अंगरखा घडविणारा हे दोघेही मुळात एकाच नावाचे. आपल्या नावात कारागिरीचा एवढा मोठा मान दडलेला आहे, हे ज्ञातीतील किती तरुणांस ठाऊक असेल, ह्याची आम्हांस शंका वाटते.

श्रीनामदेवमहाराजांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत, हे सर्वश्रुत आहे. त्यांपैकी एका पदात त्यांनी आपल्या धंद्याचीच साधने, म्हणजे गज, कातर आणि सुईदोरा, भक्तीच्या वर्णनासाठी वापरली आहेत. आपल्या हातातील हत्याराची त्यांस लाज वाटली नाही, आणि परमेश्वरापर्यंत जाण्यासाठी ते बाजूस ठेवावे असेही वाटले नाही. ह्या गोष्टीचे स्मरण आम्ही पुढे पुन्हा करून देणार आहोत.

नामदेवमहाराजांचे वास्तव्य पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे झाले, म्हणून त्या प्रांतातील एका सूचिकर्माचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. ते म्हणजे फुलकारी. हातमागाच्या जाड्या सुती कापडावर, न पिळलेल्या रेशमी दोऱ्याने, कापडाच्या उलट बाजूकडून धागे मोजीत पंजाबी स्त्रिया हे काम करीत. फूल उमटावयाचे सुलट बाजूस, आणि हात चालावयाचा उलट बाजूस. म्हणजे काम करणारीस आपली चूक डोळ्यांनी दिसण्यापूर्वी मोजणीने कळली पाहिजे. संपूर्ण कापड झाकून टाकणाऱ्या फुलकारीस ‘बाग’ म्हणत. नातीच्या लग्नासाठी आजीने अशी बाग वर्षानुवर्षे भरीत राहावे, अशी चाल होती. आणि दृष्ट लागू नये म्हणून त्यात मुद्दाम एखादा ठिपका वेगळ्या रंगाचा सोडीत. ही कामे बाजारासाठी नव्हती. म्हणूनच त्यांत घाई दिसत नाही.

इरकली लुगडे आणि त्यावरील कशिदा

आता आपल्या अधिक जवळच्या प्रदेशाकडे वळू. धारवाड, विजापूर आणि बेळगाव हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. तेव्हाच्या विजापूर व आताच्या बागलकोट जिल्ह्यातील इरकल हे गाव लुगड्यांसाठी, आणि गुळेदगुड्ड हे खणांसाठी प्रसिद्ध आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर ह्या बाजूच्या आपल्या घरांतून इरकली लुगडे आणि खणाची चोळी ठाऊक नाही अशी आजी विरळा. ह्या लुगड्याचा अंगाचा ताणा सुती आणि पदराचा ताणा रेशमी असतो, व दोहोंचे धागे एकमेकांत अडकवून विणकर त्यांचा सांधा करतात. ताबंडा पदर आणि त्यावरील पांढरे पट्टे ही त्याची खूण.

ह्या लुगड्यावर पदराच्या लगत, तसेच चोळीवर व मुलांच्या कुंच्यांवर जे भरतकाम करीत, त्यास कानडीत ‘कसूती’ व आपल्याकडे कशिदा म्हणतात. त्यातील नक्षी म्हणजे त्या स्त्रियांच्या डोळ्यांपुढचे जगच होय. देवळाचे गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, नंदी, हत्ती, मोर, शंख, कमळ. देवळात जाताना जे दिसले आणि अंगणात जे होते, ते सर्व दोऱ्यात उतरले. चंद्रकळेसारख्या काळ्या लुगड्यावर ही रंगीत नक्षी फारच खुलून दिसते.

कशिद्याचे टाके चार. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. ‘नेगी’ म्हणजे विणल्यासारखा दिसणारा, लहानमोठ्या धावदोऱ्यांचा टाका. ‘मेंथी’ म्हणजे मेथी. हा फुलीचा टाका मेथीच्या दाण्यांसारखा दाट दिसतो व भरगच्च कामास वापरतात. ‘मुर्गी’ हा पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा नागमोडी टाका. ह्या सर्वांत ‘गवंती’ची करामत विशेष, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

गवंतीत प्रथम धावदोरा घालीत जावयाचे. एक टाका कापडाच्या वर, एक खाली, असे एकाआड एक. शेवटास पोहोचल्यावर त्याच वाटेने परत फिरावयाचे, आणि जाताना ज्या जागा मोकळ्या राहिल्या त्या येताना भरावयाच्या. परत मूळ स्थानी आल्यावर रेघ अखंड होते, आणि कापड उलटून पाहिले तर मागील बाजूसही तीच नक्षी तशीच दिसते. कोठेही गाठ मारावयाची नाही. दोऱ्याचे टोक टाक्यांखाली लपवावयाचे. कापडावर पेन्सिलीने रेखाटन करावयाचे नाही, ठसा उठवावयाचा नाही. सर्व काम ताण्याबाण्याचे धागे मोजून करावयाचे.

आता रथासारखी फाट्याफाट्यांची नक्षी असली, म्हणजे खरी परीक्षा लागते. कोणत्या फाट्यात केव्हा शिरावे, कोठून मागे फिरावे, आणि एकही जागा न सुटता पुन्हा आरंभाच्या टाक्याशी कसे यावे, हे सुई टोचण्यापूर्वी मनात ठरले पाहिजे. आम्ही शाळेत गणित शिकवीत होतो, म्हणून हे पाहून आम्हांस एका जुन्या प्रमेयाची आठवण होते. ऑयलर नावाच्या थोर गणितज्ञाने १७३६ साली एका शहरातील सात पुलांच्या कोड्याचा विचार करून असे दाखविले, की प्रत्येक नाक्यावर मिळणाऱ्या वाटांची संख्या सम असेल, तर सर्व वाटा एकेकदा चालून निघाल्या जागी परत येता येते. गवंतीत प्रत्येक रेघ दोनदा चालावयाची असते, एकदा जाताना व एकदा येताना. म्हणून प्रत्येक नाक्यावरची संख्या आपोआप सम होते, आणि परतीची वाट नेहमीच सापडते. ज्या स्त्रियांस अक्षरओळख नव्हती, त्यांनी ही वाट बोटांनी शोधून काढली होती. त्यांस त्या गणितज्ञाचे नाव ठाऊक नव्हते, परंतु शेवटचा टाका पहिल्या टाक्यास येऊन मिळाला म्हणजे होणारा आनंद त्यांस पुरेपूर ठाऊक होता. कोडे सुटल्याचा आनंद आणि वस्तू घडल्याचा आनंद हे दोन्ही त्या एका क्षणात एकत्र येतात. हे काम एकदा शिकलेली बाई ते सहसा का सोडीत नसे, ह्याचे कारण आमच्या मते येथेच आहे.

शिकण्याची रीतही पाहण्याजोगी होती. पुस्तक नाही, फळा नाही. आईच्या अगर आजीच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसावयाचे आणि चिंधीवर टाके घालावयाचे. चुकले की आजी काही न बोलता दोरा उसवून कापड पुन्हा हातात देई. नक्षी आकड्यांत लक्षात राही. इतके धागे वर, इतके आड. अशी ती विद्या एका पिढीच्या बोटांतून दुसऱ्या पिढीच्या बोटांत गेली, आणि कागदावर जवळजवळ उतरलीच नाही.

गोधडी

कशिदा हा सणासुदीचा, गोधडी रोजची. जुनेर लुगडी, धोतरे, विटलेल्या चोळ्या, दुकानातून उरलेल्या चिंध्या एकावर एक अंथरून, कडेकडेने धावदोरा घालीत मध्याकडे यावयाचे, एवढेच तिचे तंत्र. आपल्या समाजातील गोधड्यांस एक अधिक लाभ असे. कापून उरलेले नवे तुकडे घरात आयते मिळत. कोणाच्या लग्नाच्या कोटाचा, कोणाच्या मुंजीच्या सदऱ्याचा, असे गावाचे सगळे कार्यप्रसंग आमच्या गोधडीवर एकत्र झोपलेले असत!

वस्तुतः ऊब यावी एवढाच हेतू असता, तर चार आडवे व चार उभे दोरे पुरले असते. परंतु टाके सारख्या अंतराने पडावेत, कोपऱ्यांत तिकोनी तुकडे बसावेत, तांबड्याशेजारी पिवळा यावा, बाळाच्या दुपट्याला वेगळी किनार असावी, ह्यासाठी बायका दिवसभराचे काम आटोपून डोळे ताणीत बसत. त्या वेळी शेजारणीही येत. गोधडीच्या चार बाजूंस चौघी बसल्या, की जे बोलणे एरवी तोंडाबाहेर पडत नसे तेही बाहेर पडे. सुई चालू असली म्हणजे कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि त्यामुळे दुःख सांगणे सोपे जाते.

बंगालमध्ये अशाच जुन्या वस्त्रांच्या थरांवर टाके घालून ‘कांथा’ करतात. त्यासाठी जुन्या साड्यांच्या काठांतून दोरा काढीत. कित्येक कांथांवर करणारीने आपले नावही टाक्यांनी लिहिलेले आढळते. गुरुसदय दत्त ह्या अधिकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा कांथा जमविल्या, आणि स्टेला क्रामरिश ह्या विदुषींनी १९३९ साली त्यांवर विद्वत्तापूर्ण लेख लिहिला. म्हणून आज त्या संग्रहालयांत जपल्या गेल्या आहेत. आपल्याकडेही पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे अशा साध्या घरगुती वस्तूंस मानाचे स्थान दिले. परंतु आपल्या घरच्या गोधडीचे काय होते? ती विरली, की तिचे पायपुसणे होते. तिच्यावर कोणाचे नाव नसते. आणि आपण विचारीतही नाही.

माजघरातून शाळेत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माजघरातील ही सुई बाहेर पडली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले व पुढे केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. तेथे निराधार स्त्रियांस अक्षरांबरोबर हातांचे उद्योगही शिकविले जात. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. तेथे मोठ्या वयाच्या स्त्रियांस लेखनवाचनाबरोबर शिवणकाम व भरतकाम शिकविण्याची सोय झाली. त्या काळच्या विधवा स्त्रीची स्थिती ज्यांनी वाचली वा ऐकली आहे, त्यांस ह्याचे मोल सांगावयास नको. शिवणाच्या निमित्ताने घराबाहेर पडण्यास घरचे लोक परवानगी देत, आणि शिवणाच्या वर्गातच तिला पहिले अक्षर भेटे. सुईने किती स्त्रियांस पुस्तकापर्यंत नेले, ह्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. हातांच्या उद्योगातून सर्व विषय शिकवावेत, हे तिचे सूत्र. पुढे शाळाशाळांत टकळ्या फिरू लागल्या. ती योजना जशीच्या तशी टिकली नाही, हे खरे. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार खोटा होता, असे आम्हांस आमच्या शिक्षकी अनुभवावरून वाटत नाही. त्यासाठी एक उदाहरण देतो.

कार्यानुभवाच्या तासाला आम्ही पाचवीच्या मुलामुलींस मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका शिकवीत असू. वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगा होता. त्याचे वडील एका कापडदुकानाच्या ओसरीवर मशीन चालवीत. इतर मुले त्यास बापाच्या धंद्यावरून चिडवीत. म्हणून तो सुई हातात घेण्यास तयार नसे, आणि घेतलीच तर दप्तराआड लपवून घेई. पाढ्यांत तो कच्चा होता. एके दिवशी आम्ही वर्गास प्रश्न घातला. कापडाची रुंदी ९० घरे, एक फूल १२ घरांचे, ओळीत ६ फुले बसवावयाची. दोन्ही कडांस सारखी जागा आणि फुलांमध्येही सारखी जागा राहिली पाहिजे. हुशार मुले वहीत आकडेमोड करीत राहिली. ह्या मुलाने कापडावर बोट ठेवून मोजले आणि सांगितले, “गुरुजी, फुलांत दोन-दोन सोडा, कडांना चार-चार.” ७२ घरे फुलांची, १० मधल्या जागांची, ८ कडांची, हिशेब बरोबर ९० भरला. त्या दिवसानंतर इतर मुले कापड घेऊन त्याच्याकडे जाऊ लागली. त्याने पुढे सुई लपविली नाही. तो शिंपी झाला नाही, नोकरीत गेला; आणि त्यात वाईट काहीच नाही. पण आपल्या वडिलांच्या हातात काय विद्या आहे, हे त्यास वेळेवर समजले, ही गोष्ट आम्ही मोठी मानतो.

यंत्राचे आगमन

यंत्राविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. फ्रान्समधील तिमोन्ये नावाच्या शिंप्यास १८३० साली शिवणयंत्राचा परवाना मिळाला, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी पोट बुडेल ह्या भीतीने त्याच्या कारखान्यात शिरून यंत्रे मोडून टाकली. १८४६ साली अमेरिकेत हाव ह्याने व १८५१ साली सिंगर ह्याने आपापल्या यंत्रांचे हक्क घेतले. पॅरिसच्या शिंप्यांस ज्याची भीती वाटली, त्याच यंत्राने पुढे आपल्या समाजास हात दिला. एक मशीन घेतले की एक संसार उभा राहतो, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. यंत्राविषयी कठोर मत बाळगणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. तेव्हा यंत्रास नावे ठेवण्याची कृतघ्नता आम्ही करणार नाही.

तथापि काळाने आणखी एक वळण घेतले. तयार कपड्यांच्या कारखान्यांनी गावातील शिंप्याचे काम बरेचसे नेले. भरतकामही आता यंत्रे करतात. गवंतीसारखी दिसणारी नक्षी तासाभरात शेकड्यांनी निघते. आपली मुले शिकून निरनिराळ्या व्यवसायांत गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दुकानातली सुई अशी थांबत असता माजघरातली सुईही थांबली. आज ज्या आजींच्या बोटांत गवंती आहे, त्या ऐंशीच्या घरात आहेत. ज्या विद्येचे पुस्तक नाही, ती विद्या त्या बोटांबरोबर जाणार. आपल्या नावातच शिल्प आहे, आणि आपल्या घरात टाका घालणारे कोणी नाही, अशी स्थिती येण्यास एक पिढीसुद्धा लागणार नाही.

काय करता येईल

सरकारनेही ह्या बाबतीत काही केले. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन होऊन श्रीमती कमलादेवी चट्टोपाध्याय ह्यांनी त्याची धुरा वाहिली. १९४९ साली अहमदाबादेस कॅलिको वस्त्रसंग्रहालय निघाले. कसूतीस भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु मंडळे आणि संग्रहालये वस्तू जपतात. हात जपावयाचे ते घरांनीच.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हातांनी भरतकाम करून चांगली मिळकत होईल, असे आश्वासन आम्ही कोणासही देत नाही. ह्या कामास लागणारे तास आणि मिळणारी मजुरी ह्यांचा मेळ फारच थोड्यांस बसतो. म्हणून धंद्यासाठी शिका, असे आमचे म्हणणे नाही. मोजावयास शिकावे, धीर धरावयास शिकावे, चुकलेले निमूटपणे उसवून पुन्हा घालावयास शिकावे, आणि आपल्या हाताने घडलेली एखादी वस्तू डोळ्यांपुढे असावी, एवढ्यासाठी शिकावे. मुलींनी शिकावे तसेच मुलांनीही शिकावे. सुई हे बायकांचे काम, असे जे आज मानतात, त्यांनी श्रीनामदेवमहाराजांच्या हातात काय होते, ह्याचे स्मरण करावे.

ह्यासाठी तीन साध्या सूचना आम्ही करतो. पहिली, प्रत्येक गावच्या शाखेने रविवारी एक तास ठेवावा, व ज्या वृद्ध भगिनींस कशिदा अगर जुनी गोधडी येते त्यांस सन्मानाने बोलावून मुलामुलींस त्यांच्या शेजारी बसवावे. शाल व नारळ देऊन सत्कार करण्यापेक्षा त्यांच्यापुढे एक शिष्य बसविला, तर त्यांस अधिक संतोष होईल. दुसरी, त्यांच्याकडून एकेका हातभर कापडावर येतील तेवढे टाके घालून घ्यावेत, आणि त्या कापडावर करणारीचे नाव, गाव व साल दोऱ्यानेच लिहावे. अशी कापडे समाजाच्या कार्यालयात पेटीत घालून ठेवली, तर तेच आपल्या ह्या विद्येचे पहिले पुस्तक होईल. तिसरी, घरातील जुनी गोधडी टाकून देण्यापूर्वी ती कोणी शिवली, तीत कोणाकोणाचे कपडे आहेत, हे घरातील वडीलधाऱ्या मंडळींस विचारून चार ओळींत लिहून ठेवावे.

ह्या तिन्ही कामांस निधी लागत नाही, इमारत लागत नाही, ठराव लागत नाही. लागतो तो वेळ, आणि ज्यांच्याजवळ ही विद्या आहे त्यांच्याजवळ तो आता थोडाच उरला आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या नावांखाली, ज्या भगिनींनी टाके घालून दिले त्यांची व ज्या मुलामुलींनी ते शिकून घेतले त्यांची नावे छापली जावीत, अशी चालक मंडळींस आमची नम्र विनंती आहे.